थंड इंजिनाचा कोड

१

मास्तर गेले ते स्वतःच्या अंगणात, स्वतःच्याच गाडीखाली.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. शहरातल्या इस्पितळात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि लेक त्यांना गाडीने घरी घेऊन आली. फाटकातून घराकडे जाताना चांगला चढ आहे. तिने त्या चढावर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि कुलूप काढायला पुढे गेली. मास्तर आपली बॅग कुणाला उचलू देत नसत. एका डोळ्यावर पट्टी असतानाही ते उतरून डिकीशी गेले. लेक कुलपात किल्ली फिरवत होती तेव्हा मागे चाकांखाली खडी चुरल्याचा आवाज झाला. ती वळली तोवर गाडी फाटकाच्या खांबाला जाऊन टेकली होती, आणि मधे मास्तर होते.

"मी पी दाबलं होतं," ती सांगत राहिली.

गाडी ऑटोमॅटिक होती. गिअरचा दांडा नाही, नुसती बटणं. पी म्हणजे पार्किंगचं. ते दाबलं की गिअरबॉक्सवरची छोटी मोटर फिरते, आतला खटका अडकतो आणि चाकं जागच्या जागी बांधली जातात. लेकीने हे पोलिसांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, थोरल्या भावाला सांगितलं. भावाने एकच विचारलं, "हँडब्रेक ओढला होतास?"

नव्हता ओढला. त्या घरात तो कुणीच ओढत नसे. पण आता ती चूक एकटीच्या नावावर लागली. भावाने तिच्याशी बोलणं टाकलं, पोलिसांनी तिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला.

आणि मग सरकारी तंत्रज्ञाने गाडीला स्कॅनर लावला तेव्हा एक कोड निघाला. पी-०७०५. गिअरबॉक्स कुठल्या गिअरमध्ये आहे हे गाडीच्या मेंदूला कळवणारा जो सेन्सर, त्याच्यात बिघाड. लगेच दुसऱ्या दिवशी मास्तरांचा जुना मित्र, सगळा भाग ज्याला मिस्त्री म्हणतो तो गॅरेजवाला, आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आला.

"तो सेन्सर मी बसवला होता," तो म्हणाला. "अपघाताच्या थोडंसं आधी. तिरका बसला असणार. पोरीचा काही दोष नाही. जे काय आहे ते माझ्या माथी मारा."

सगळं कसं जुळून आलं. उरली होती फक्त एका तज्ज्ञाची सही, आणि त्यासाठी गिअरबाईंना बोलावलं गेलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सोडून त्या दुसऱ्या कशाला हात लावत नसत, म्हणून हे नाव. पन्नाशी उलटलेली, हाताला कायम कसल्यातरी साबणाचा वास येणारी बाई. तपास अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे स्कॅनरचा कागद ठेवला, पेन ठेवलं, चहा मागवला.

चहा आला तेव्हा पेनाला टोपण परत लागलेलं होतं.

"साहेब, हा कोड पडला तेव्हा इंजिन थंड होतं," गिअरबाई म्हणाल्या.

"असेल. मग?"

"मग मास्तर गेले तेव्हा हा कोड गाडीत नव्हता."

२

अधिकारी चहा हातात धरून बसून राहिला.

"कोड पडला की गाडीचा मेंदू त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो म्हणा ना," गिअरबाई सांगू लागल्या. "इंजिन किती तापलंय, गाडी पळतेय की उभी आहे, विजेचा दाब किती. हा बघा तो फोटो. इंजिन हवेइतकंच गार. लेक इस्पितळातून थेट आली, वाटेत कुठे थांबलेली नाही. तिने गाडी उभी केली तेव्हा बॉनेटवर हात ठेववला नसता."

"म्हणजे नंतर पडला?"

"आणि हे बघा. आधीचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली? शून्य. म्हणजे कुणीतरी गाडीतलं जे होतं ते आधी पुसलं आणि मग हा कोड पाडला. उभ्या गाडीत, गार इंजिनावर. सेन्सरचा कपलर, म्हणजे तारेची जोडणी, काढायचा, गाडीचं बटण दाबायचं, कोड पडला की कपलर परत दाबून बसवायचा. एवढंच काम आहे."

"बॅटरी उतरली की पुसलं जातं ना आपोआप?"

"या गाडीत नाही. मुद्दाम पुसावं लागतं."

"आमचा तंत्रज्ञ..."

"तुम्ही होतात ना समोर?"

"होतो. त्याने सोबत आणलेली बॅटरी जोडली, वाचलं, छापलं. कपलर घट्ट होता, ते मीच बघितलं." अधिकाऱ्याने कप खाली ठेवला. "आणि त्याआधी गाडी आमच्या आवारात होती. कुलपात."

"मग कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला भेटू या," गिअरबाई म्हणाल्या.

जप्त गाड्यांच्या आवारातला राखणदार बोलघेवडा होता. गुडघ्यांची कथा आधी सांगून झाल्यावर तो गाडीवर आला.

"ही ना? ही आली तीच मेलेली. अपघातानंतर हिचे चारी दिवे लुकलुकत ठेवले होते, बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. पार उतरली बॅटरी. काच उघडी राहिली होती, ती वरसुद्धा होईना. शेवटी मी प्लास्टिक लावलं."

"हिच्याजवळ कोण कोण आलं?"

"घरचीच माणसं, बाई. मी काय परक्याला सोडतो होय? आधी मास्तरांचा मुलगा आला. गाडीकडे बघत उभा राहिला, आतले फोटो काढले, एक शब्द बोलला नाही. मग जावई आला, लॅपटॉप घेऊन. लगेच गेला. शेवटी मिस्त्री आले. मास्तरांच्या वस्तू न्यायच्या होत्या त्यांना. काठी, चष्म्याची डबी, असलं काहीबाही. मोठी पिशवी होती. मी म्हटलं द्या, हात लावतो. तर नको म्हणाले. येतानाही कमरेत वाकले होते, जातानाही तसेच. वय झालं त्यांचंही."

अधिकाऱ्याने गिअरबाईंना बाजूला घेतलं.

"लॅपटॉप," तो हळूच म्हणाला. "बायकोला वाचवायला नवरा काय वाटेल ते करेल. झालं की हो आपलं काम."

३

जावयाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. काउंटरवर उघड्या टीव्हीतल्या तारा तशाच पडलेल्या, आणि तो हातात तापलेली सोल्डरिंगची सळई धरून कुठेतरी बघत उभा.

"गेलो होतो," त्याने विचारण्याआधीच कबूल केलं. "स्कॅनरची वायर मागवली, प्रोग्राम टाकून घेतला. म्हटलं, गाडीत काहीतरी असेलच. ती खोटं बोलणाऱ्यातली नाही हो. पण गाडी उठलीच नाही. बटण दाबलं तर एक दिवासुद्धा लागला नाही. लॅपटॉप म्हणतो, जोडणी नाही."

"तुम्ही तर विजेच्या कामातले," अधिकारी म्हणाला. "बॅटरी घेऊन परत जायचं सुचलं नाही?"

"सुचलं."

"मग?"

जावयाने सळई स्टँडवर ठेवली. "गेलो नाही. समजा बॅटरी लावली आणि काहीच निघालं नाही, तर घरी जाऊन तिला काय सांगणार होतो?"

दुकानाच्या मागेच घर होतं. लेक भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले होते, पण दुसऱ्या कुणीतरी विंचरल्यासारखे. गिअरबाई तिच्यासमोर खालीच बसल्या.

"त्या दिवशी गाडी कशी चालत होती, तेवढंच सांग. गाडी उभी केलीस त्याच्या आधीचं."

हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ती जरा सावरून बसली.

"नीट होती. म्हणजे... इस्पितळातून निघताना चालू व्हायला कुरकुरली. बाबा म्हणाले, माझ्यासारखीच म्हातारी झालीय. वाटेत गाणी मधेच बंद पडली. मी बटणं दाबत होते तर बाबा म्हणाले, राहू दे, डोकं दुखतंय."

"बरं. आणि गाडी उभी केलीस, मग?"

"पी दाबलं. लगेच इंजिन बंद केलं. बाबा आधीच दार उघडत होते, मला घाई झाली, कुलूप..." ती थांबली. "पीचा दिवा लागला होता. लुकलुकला, मग लागला. का नुसता लुकलुकला? आधी मला स्वच्छ आठवत होतं. आता सगळे इतक्या वेळा विचारतात की मी आठवायला गेले की मला दादाचाच आवाज ऐकू येतो. हँडब्रेक ओढला होतास? पण काकांनी सांगितलं ना आता की सेन्सर... तो सेन्सरच होता ना, बाई?"

गिअरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि त्या उठल्या. बाहेर आल्यावर अधिकाऱ्याला म्हणाल्या, "मला आवारात परत न्या. बॉनेट उघडायचंय."

४

वाटेत थोरल्याची कचेरी होती, म्हणून आधी तिथे थांबले. तो जिन्यातच भेटला. वर या, बसा, असं काही म्हणाला नाही.

"फोटो काढले, हो. हँडब्रेकचे. तो खाली आहे, हे दिसावं म्हणून."

"कशासाठी?"

"उद्या कुणी म्हणेल, ओढला होता. म्हणून." त्याचा आवाज कोरडा होता. "कोड सापडला, ती सुटली, ठीक आहे. पण मला विचाराल तर मिस्त्रीकाकांच्या हातून असं काम होणार नाही. आमच्या घरातला पंखा दुरुस्त करायला आले तरी तीनदा तपासून जायचे. तुम्हीही मनातून जाणता."

"गाडीतलं तुम्हाला किती कळतं?"

"पेट्रोल कुठून घालतात ते कळतं."

अधिकाऱ्याने पायऱ्या उतरता उतरता यादीतून एक नाव कमी केल्यासारखी मान हलवली. "याला तर बहीण अडकायला हवी होती. हा कशाला तिला सोडवणारा कोड पाडेल?"

"नाही पाडणार," गिअरबाई म्हणाल्या. "पण एक गोष्ट बरोबर बोलला."

आवारात त्यांनी प्लास्टिक बाजूला केलं, बॉनेट वर केलं आणि आत न वाकता नुसत्या बघत राहिल्या. धूळ, वाळकी पानं, मांजराच्या पावलांचे ठसे. बॅटरीवर बोटभर मळ. आणि त्या मळकट बॅटरीच्या, तारा जोडतात त्या दोन्ही टर्मिनलांवर घासून पुसून आणलेली चकाकी, वर ग्रीसचा पातळ हात.

"हे तुमच्या तंत्रज्ञाने केलं?"

"छे. त्याने नुसते चिमटे लावले."

"साहेब, भंगारात निघालेल्या गाडीची, त्यातही उतरलेल्या बॅटरीची टर्मिनलं कोण घासून बसवतं?"

अधिकारी जवळ येऊन वाकून बघू लागला.

"ज्याचे हात तसं केल्याशिवाय बॅटरी बसवूच शकत नाहीत, तो," गिअरबाई म्हणाल्या. "आता माझ्याबरोबर एकेक पायरी चढा. कोड पाडायला वीज लागते. गाडीत वीज नव्हती. राखणदार म्हणाला, काच वर होईना, आणि जावई म्हणाला, दिवा लागेना. पण कोडच्या फोटोत विजेचा दाब भरपूर आहे. म्हणजे कुणीतरी भरलेली बॅटरी इथे आणली, जोडली, आणि परत नेली. लॅपटॉपच्या बॅगेत बॅटरी मावत नाही. फोटो काढायला आलेल्याच्या खिशात मावत नाही. काठी आणि चष्मा न्यायला आलेल्या माणसाची पिशवी मात्र येतानाच जड होती."

"मिस्त्री?" अधिकारी जवळजवळ ओरडलाच. "अहो, पण तो कोड तर मिस्त्रीलाच गोवतो! स्वतःच्या गळ्यात स्वतः फास कोण घालून घेईल?"

५

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आत मिस्त्री एका टायरवर बसला होता. जामिनावर सुटल्यापासून त्याने एकही गाडी आत घेतली नव्हती. तरी पाने भिंतीवर लहानमोठे ओळीने लागलेले होते.

"मिस्त्री, सेन्सर तिरका बसला नव्हता," गिअरबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "आवारातून निघण्याआधी मी मोजून बघितला. इतका सरळ बसवलेला सेन्सर मी क्वचित बघते."

मिस्त्री भिंतीवरच्या पान्यांकडे बघू लागला.

"कोड तुम्ही पाडलात. स्वतःची बॅटरी नेऊन."

मिस्त्रीने अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. 

"मास्तरांनी पोर माझ्या मांडीवर टाकली होती, तळहाताएवढी असताना," तो म्हणाला. "सायकल मी शिकवली तिला. गाडीही मीच. दिवसकार्य झाल्यावर मी तिला बघितलं, बाई, आणि मला कळलं की ही काही फार दिवस काढत नाही. तोंडाने म्हणायची पी दाबलं होतं, पण डोळ्यांत बसलं होतं की मीच मारलं बाबांना. आणि तो थोरला तिच्यासमोरून उठून जायचा. म्हटलं, बघू तरी गाडीत काय आहे."

"काय होतं?"

"काही नव्हतं. तेच तर. सेन्सर ठीक, गिअरबॉक्स ठीक. गिअरबॉक्सचा एक म्हणून कोड नाही. म्हणजे राहिलंच होतं पोरीकडून. दमली होती, घाईत होती, राहिलं. मग म्हटलं, माझं काय, पिकलं पान. चूक माझ्याकडे घेतली तर तिला जगता येईल. जे होतं ते पुसलं आणि माझ्या हातचा कोड पाडला."

गिअरबाई समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज एकदम सावध झाला.

"मिस्त्री, तुम्ही म्हणता काही नव्हतं. मग पुसलंत काय?"

"आं? ते होय. दोन होते फालतू. एक पी-०५६२, व्होल्टेज कमी. ते तर असणारच, बॅटरी उतरलेली. आणि एक कंपनीचा, पी-एकवाला."

"पी-एक आणि पुढे?"

"आकडा कुठला लक्षात राहतोय! माझ्या स्कॅनरला कंपनीचे कोड कळत नाहीत. नुसता नंबर येतो, पुढे कोरं."

"पुसायच्या आधी त्याचा फोटो उघडून बघितलात? इंजिन गरम होतं की गार?"

"नाही बघितलं. का?"

"आणि टर्मिनलं? तुम्ही जुनी बॅटरी काढलीत तेव्हा ती कशी होती?"

मिस्त्रीने नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सहज सांगितलं, "पांढरी फट्ट. बुरशी आल्यासारखी. आणि सैल. पाना लावायलाच लागला नाही, हाताने फिरून निघालं. म्हटलं, मास्तरांनी बॅटरी कधी दाखवलीच नाही मला, सेन्सर बसवला तेव्हा मी खालूनच..."

आणि तिथे तो थांबला. स्वतःचंच बोलणं त्याच्या कानात शिरलं होतं.

६

गिअरबाईंनी घाई केली नाही. पण थांबूनही उपयोग नव्हता.

"गाडी चालू असते तोवर विजेची काळजी डायनॅमो घेतो," त्या म्हणाल्या. "मधेच गाणी बंद पडतात, चालू होताना कुरकुर होते, एवढंच. पण पोरीने पी दाबलं आणि लगेच इंजिन बंद केलं. त्या क्षणी सगळा भार बॅटरीवर आला. बॅटरी भरलेली असेलही, पण वीज यायची वाट त्या बुरशीतून आणि त्या सैल टर्मिनलातून. खटका अडकवणारी मोटर अर्ध्यावर अडली असणार. पीचा दिवा लुकलुकला, असं ती सांगते. मेंदूने तेव्हा दोन कोड लिहिले असणार. एक, वीज कमी पडली. दुसरा, पीची मोटर पोचली नाही. तो दुसरा कंपनीचाच असतो. पी-एकने सुरू होणारा."

"म्हणजे तिने..."

"दाबलं होतं. मला तसं वाटतं."

 अधिकारी शटरच्या फटीतून बाहेर बघू लागला.

"मग आत्ताच चला!" मिस्त्री एकदम उठला. "मी सांगतो ना. कोर्टात सांगतो. मी डोळ्यांनी बघितलेत ते कोड, या हातांनी टर्मिनल काढलंय."

"कोर्ट विचारेल, आकडा काय होता?"

"पंधराशे... नाही. अठराशे काहीतरी. पी-एक आठ..." त्याने डोळे मिटले. "पी-एक आठ... पी-एक पाच..."

"आणि विचारेल, एकदा पोरीसाठी खोटा कोड पाडलात, दुसऱ्यांदा पोरीसाठी खोटं बोलत नाही कशावरून? व्होल्टेजचा कोड बॅटरी उतरल्यावरही पडला असता. टर्मिनलं आज चकचकीत आहेत. मोटर मी तपासली, चांगली वीज दिली की उत्तम चालते. गाडीत आता काहीही नाही, मिस्त्री."

"पण मी तर तिला वाचवायला..."

"हो."

तो परत टायरवर बसला आणि आकडे पुटपुटत राहिला. ते दोघं शटरखालून वाकून बाहेर पडले तेव्हाही त्याचं चालूच होतं.

७

थोरल्याला हे गिअरबाईंनीच सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, कागदावर जाण्याआधी त्याने माणसाच्या तोंडून ऐकावं. कचेरीच्या त्याच जिन्यात तो कठड्याला धरून उभा राहिला आणि टर्मिनलाचं ऐकेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग मात्र तो पायरीवर बसला.

"बाबांचा फोन आला होता," तो म्हणाला. "इस्पितळात जायच्या आधी. गाडी चालू व्हायला त्रास देतेय, मिस्त्रीला सांग, एकदा बॅटरी बघून जा म्हणावं. मी हो म्हटलं. राहून गेलं."

गिअरबाई खालच्या पायरीवर थबकल्या. "हे कोर्टात सांगाल? गाडी आधीपासून त्रास देत होती, हे तिच्याशिवाय दुसरं कुणी सांगितलं तर पुष्कळ फरक पडेल. मिस्त्रीच्या बोलण्याला आधार मिळेल. सगळं सुटेल असं नाही, पण..."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात काढले तेव्हा तो पुन्हा पहिल्यासारखा कोरडा झाला होता.

"असा काही फोन आला नव्हता," तो म्हणाला. "मी काय बोललो ते तुम्ही ऐकलं नाहीत." आणि वर निघून गेला.

गिअरबाईंनी अहवाल लिहिला. सापडलेला कोड अपघातानंतर पाडलेला आहे. आधीचे कोड पुसले गेले आहेत. गाडी का घसरली, हे गाडीवरून आता ठरवता येत नाही. अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे मिस्त्रीवर पुरावा नष्ट केल्याचा खटला, आणि पोरीवरचा होता तसाच परत." गिअरबाई हो म्हणाल्या. कोर्टात बोलावतील तेव्हा स्वतःला काय वाटतं तेही सांगेन, असं त्यांनी बजावलं. वाटण्याला तिथे किती वजन असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

सुनावणीच्या आधी त्या लेकीकडे गेल्या. तिच्यापासून काही झाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तिच्यासाठी म्हणून झाकलेल्याने काय झालं ते त्या बघून आल्या होत्या. मिस्त्रीचं सांगितलं, कोडचं सांगितलं, जिन्यातलंही सांगितलं. जावई दारात उभा राहून ऐकत होता. जिन्यातलं ऐकून तो चप्पल घालायला लागला.

"कुठे निघालात?" लेकीने विचारलं.

"तुझ्या भावाकडे."

"बसा तुम्ही."

तो बसला नाही, पण गेलाही नाही.

"काका कसे आहेत?" तिने गिअरबाईंना विचारलं.

"बरे नाहीत. आकडे म्हणत असतात."

तिने मान हलवली. रडली नाही. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा जागेवर आल्यासारखा दिसत होता, आणि त्याने जास्तच वाईट वाटत होतं.

"म्हणजे मी पी दाबलं होतं."

"मला तसं वाटतं."

"हे फक्त आपल्यालाच माहीत असणार."

"आपल्याला, मिस्त्रीला, साहेबांना," गिअरबाई म्हणाल्या, "आणि तुझ्या दादाला. तुझा वकील त्याला पिंजऱ्यात उभं करून विचारू शकतो. मी जे ऐकलं ते मी सांगेन. तू म्हणालीस तर आजच वकिलाशी बोलते."

लेक खिडकीबाहेर बघत होती. बाहेर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं.

"नको," ती म्हणाली.

"अगं, पण का?"

"तो नाही म्हणेल, बाई. सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून नाही म्हणेल. मग मला जन्मभर ते ऐकत बसावं लागेल. आत्ता निदान माझ्यासमोर त्याला कुणी विचारलेलं नाही."

जावयाने चप्पल काढून ठेवली.